माइकच्या पायाखालची माहितीपुस्तिका

टायरच्या दुकानावर चढणारा लोखंडी जिना.

"ही बाई कोण हाय?"

कॉफीच्या कपाचा गोल डाग, आणि डागाच्या आत एक चपटा डास.

फर्नेस बंद केलं की आधी जमीन गार होते, मग भिंती, मग माणसं.

एक टोपीवाला म्हणतो, "हे गाइज, वेलकम बॅक." आपण कुठे गेलो होतो, ते तो सांगत नाही.

स्वरपट्टी: पाहा सप्तक. सप्तक: पाहा स्वरपट्टी.

वनिताचा फोन आला तर उचलायचा नाही.

मित्रांनो, हे सगळं माझ्याच आयुष्यातलं आहे. क्रम चुकला असेल तर दोष माझ्या कड्यांना द्या. एके काळी मला पांढऱ्या प्लास्टिकच्या कड्यांनी बांधलेलं होतं. त्या तुटल्या, पानं सांडली, आणि ज्याने ती उचलली त्याने आकडे न बघता हवी तिथे खुपसून दिली. म्हणून मी सांगते ते जरा तपासून घ्या. मला राग येणार नाही. मी स्वतःच कुणाचं चटकन खरं मानत नाही.

मी जाड आहे, जुनी आहे आणि इंग्रजीत छापलेली आहे. संगणकावर गाणी तयार करायचं एक मोठं सॉफ्टवेअर असतं, त्याची मी माहितीपुस्तिका. सॉफ्टवेअरचं नाव सांगणार नाही. नाव घेतलं की ऐकणाऱ्याला वाटतं, ही काहीतरी विकायला आली. कुणी माझ्याशी गोड बोललं की मलाही तसंच वाटतं.

तेव्हा सॉफ्टवेअर खोक्यात मिळायचं. खोक्यात तबकड्या असायच्या आणि तबकड्यांखाली मी. बर्नाबीतल्या एका कचेरीत मला लिहिलं. लिहिणारी बाई एक वाक्य लिहायची आणि शेजारच्या टेबलावरच्या माणसाला विचारायची, "खरंच असं होतं? दाबून दाखव." तो दाबून दाखवायचा. तरी ती म्हणायची, "पुन्हा." तिचा त्याच्यावर विश्वास नव्हता आणि त्याचा सॉफ्टवेअरवर नव्हता. मित्रांनो, त्या दोन अविश्वासांमधून मी जन्मले. माझ्या स्वभावाचं मूळ तिथे आहे.

मग मी एटोबिकोला आले. टायर बदलण्याच्या दुकानावर एक छोटा स्टुडिओ होता. विमानतळ जवळ, त्यामुळे डोक्यावरून विमान जाऊ लागलं की गाणारा थांबायचा आणि सगळे छताकडे बघत बसायचे. त्या वेळात कुणीतरी मला चाळायचं. ती माझी चांगली वर्षं होती. काही अडलं की माझं नाव निघायचं. "तिच्यात असेल, बघ." असायचंच. तो कॉफीचा डाग तिथलाच. डास कुठला, माहीत नाही.

नंतर नव्या आवृत्त्या आल्या. कंपनीने पुस्तक छापणं बंद केलं आणि सगळी माहिती इंटरनेटवर ठेवली. तिचा पत्ता बदलला, मग पुन्हा बदलला. स्टुडिओतल्या लोकांनी मला आधी बंद केलं, मग कपाटावर ठेवलं, मग एका स्पीकरखाली सरकवलं. माझी उंची बरोबर होती म्हणे. सहाशेपेक्षा जास्त पानं असलेल्या पुस्तकाचं हे कौतुक.

स्टुडिओ बंद झाला तेव्हा सामान घ्यायला उल्हास आला. उल्हास बँकेत नोकरी करतो आणि आंबेडकर असोसिएशनच्या कार्यक्रमांत ढोलकी वाजवतो. त्याने एक माइक आणि त्याचा स्टँड घेतला. स्टँडचा एक पाय आखूड होता. स्टुडिओचा मालक म्हणाला, "हे पण घेऊन जा, पायाखाली ठेवायला." 'हे' म्हणजे मी.

अशी मी माइकच्या पायाखाली गेले. आणि त्या स्टँडबरोबर, जानेवारीत, रिचमंड हिलमधल्या एका टाउनहाउसच्या बेसमेंटमध्ये येऊन पोचले.

ते घर धम्मप्रियाचं. ती विमा कंपनीत काम करते आणि असोसिएशनचे सांस्कृतिक कार्यक्रम बघते. नवरा कपिल आयटीत. मुलगी यामिनी शाळेत. आणि कपिलची आई गंगुबाई, नागपूरहून इकडे परदेशात आलेल्या. गंगुबाईंनी आयुष्यभर भीमगीतं गायली. त्यांची स्वतःची गायन पार्टी होती, बायकांची, आणि मंडपात उभं राहिलं की मागच्या रांगेतली पोरंसुद्धा गप्प बसायची, असं त्या स्वतःच सांगायच्या.

गंगुबाईंच्या गळ्यात गाठ निघाली होती. ऑपरेशनची तारीख मिळाली होती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की त्यानंतर आवाज पहिल्यासारखा राहीलच असं नाही.

धम्मप्रियाने ठरवलं, त्याआधी एक तरी गाणं नीट रेकॉर्ड करायचं. यंदाच्या जयंतीच्या कार्यक्रमात ते लावायचं. एकच गाणं, पण आईंचं.

मित्रांनो, त्या दुपारी मी तिथेच होते, जमिनीवर पालथी, पाठीवर स्टँडचा पाय. आवाज यायला नको म्हणून घर गरम ठेवणारं फर्नेस बंद केलं होतं. उल्हास ढोलकी घेऊन कोपऱ्यात बसला होता. असोसिएशनमधली वनिता कोरसला आली होती.

"आई, जॅकेट काढ. चेन वाजतेय," कपिल म्हणाला.

"बाहेर बर्फ पडून राहिला अन् पोरगा म्हणते जॅकेट काढ," गंगुबाई म्हणाल्या. पण काढलं.

"आई, हेडफोन लावा ना," धम्मप्रिया म्हणाली.

"कानाले डबे लावून कोणी गाते का? मले माझा गळा ऐकू येऊ दे." आणि त्यांनी डावा तळहात कानाशी धरला.

कपिलने इंटरनेटवर एका टोपीवाल्याचा व्हिडिओ बघितला होता. टोपीवाल्याने सांगितलं होतं की आवाज आत येतानाच सूर-सुधारणा चालू करा, मग नंतर काही कष्टच नाहीत. ही सुधारणा काय करते, ते ऐका. तिला गाण्याची पट्टी सांगायची, म्हणजे कुठला सूर 'सा' धरायचा ते. मग ती गाणाऱ्याचा प्रत्येक सूर त्या पट्टीतल्या जवळच्या सुराकडे ओढून बसवते. सूर जागेवर असेल तर काही होत नाही. नसेल तर तिला वाटतं, हा चुकला.

"आई, तुझी पट्टी कुठली?"

"काळी चार. लहानपणापासून काळी चार."

कपिल पडद्याकडे वाकला. पडद्यावर पेटीच्या पट्ट्यांचं चित्र होतं. त्याने बोट फिरवत मोजलं, "एक, दोन, तीन, चार," आणि क्लिक केलं.

मला तेव्हाच शंका आली. ते चित्र मला माहीत आहे, ते माझ्या अंगावर छापलेलं आहे. पण पाठीवर स्टँडचा पाय असताना माहितीपुस्तिका काय करणार?

गंगुबाई गायल्या. एकदाच गायल्या. संपल्यावर उल्हास म्हणाला, "काकू, नुसतं वाजवताना घाम आला मला, एवढ्या थंडीत." वनिताने डोळे पुसले. धम्मप्रियाने फर्नेस चालू केलं आणि सगळे चहाला वर गेले. हेडफोन कुणीच लावले नव्हते. आत काय जमा झालं, ते कुणी ऐकलं नाही.

इथे माझ्याकडे पान नाही. हॉस्पिटलमध्ये मी गेले नव्हते. बेसमेंटच्या छतावरून चालणारी पावलं ऐकली, एवढंच. ती काही दिवस हळू चालत होती.

ऑपरेशन चांगलं झालं. गाठ साधी निघाली. पण गंगुबाईंचा आवाज आता खाली बसला होता, घोगरा, जेमतेम दोन खोल्यांपलीकडे न जाणारा. गायचं तर नावच नको. तरी त्या धीराने होत्या, कारण गाणं झालं होतं. कपिलने ते टोपीवाल्याच्या सांगण्याप्रमाणे स्वच्छ केलं, ढोलकी नि कोरस जुळवला, आणि एका रविवारी दुपारी सगळ्यांना बेसमेंटमध्ये बसवून ऐकवलं.

गाणं सुरू झालं. गंगुबाई तळहात कानाशी धरून ऐकत होत्या. पहिला अंतरा संपताना त्यांचा हात खाली आला.

"ही बाई कोण हाय?"

"आई, तूच आहेस," कपिल हसला.

"आजी, दॅट्स लिटरली यू," यामिनी म्हणाली.

"मी अशी गात नाही. अंतरा संपला की मी थांबते. ही थांबत नाही. घाईची बाई हाय."

"कोण असेल मग?"

गंगुबाईंनी विचार केला. मग ठामपणे म्हणाल्या, "वनिता. तिलेच सदा बस पकडायची असते. माझा गळा गेला म्हणून तिचा घातला तुम्ही."

"आई, मी असं करीन?" धम्मप्रियाचा आवाज चिरकला.

"तू नाही करणार. पण मोबाइलवर कोणी सांगितलं तर करशील." त्या उठल्या. "आजकाल मशीन कोणाचाही आवाज काढते. ग्रुपवर व्हिडिओ आला होता. हे तुम्ही जयंतीत लावलं ना, तर मी हॉलमध्ये उभी राहीन अन् सांगीन, ही मी नाही."

त्या दिवसापासून घर बिघडलं. वनिता रोज तब्येत विचारायला फोन करायची, तो उचलायचा नाही असा हुकूम निघाला. जेवताना गंगुबाई कपिलच्या फोनकडे अशा बघायच्या, जणू तो ताटातलं काही उचलून नेईल. कपिल म्हणायचा, आईला ऑपरेशनमुळे तसं वाटतं. धम्मप्रियाने गाणं पुन्हा ऐकलं. तिला ते आईंचंच वाटलं. आणि तरी, त्या एका जागी, तिलाही वाटलं की काहीतरी पुढे सरकलंय. वाईट वाटत नव्हतं. उलट फार गुळगुळीत होतं.

मग तिने शोधायला घेतलं. ऑफिसमधून आली, डाळ-भात लावला, की कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत लॅपटॉप घेऊन खाली यायची. मित्रांनो, मी तिच्या पायाशी होते, अजूनही त्या स्टँडखाली, म्हणून मला सगळं ठाऊक आहे.

टोपीवाल्याचे व्हिडिओ पाहिले. तो बराच वेळ स्वतःविषयी बोलायचा, मग एक बटण दाखवायचा, आणि नेमकं जिथे ते चित्र असायचं तिथे त्याचा चेहरा चिकटवलेला असायचा. शेवटी म्हणायचा, खरी गोष्ट माझ्या कोर्समध्ये आहे.

कंपनीच्या संकेतस्थळावर गेली. जिथे उत्तर असायला हवं तिथे लिहिलं होतं, हे पान सापडलं नाही.

एका चर्चामंचावर कुणीतरी अगदी हाच प्रश्न विचारलेला सापडला. कुणाचा तरी आवाज एका जागी सरकतोय, का? धम्मप्रिया पुढे सरसावून बसली. खाली उत्तर एकच होतं, प्रश्न विचारणाऱ्याचंच. 'सुटलं. धन्यवाद.' कसं सुटलं, ते त्याने लिहिलं नव्हतं. त्या माणसावर मी अजून रागावलेली आहे.

मग तिने चॅटबॉटला विचारलं. त्याने नम्रपणे सांगितलं की अमुक मेनूत 'मूळ आवाज परत आणा' असा पर्याय आहे. तिने तो मेनू उघडला. नव्हता. तसं सांगितल्यावर त्याने माफी मागितली आणि दुसरा मेनू सांगितला. तोही नव्हता.

"कपिल, हे सगळे इतके खात्रीने कसे बोलतात रे?" तिने वर हाक मारून विचारलं.

"तू टोपीवाल्याचा पार्ट टू बघितलास का?" वरून उत्तर आलं.

शेवटी तिने ठरवलं, उल्हासचं सामान तरी परत करावं. शनिवारी सकाळी तिने स्टँड उचलला. मी जमिनीला चिकटले होते. तिने मला ओढलं, पालथं-उलथं केलं, आणि मुखपृष्ठावरची धूळ पुसली. नाव वाचलं. मग लॅपटॉपच्या पडद्याकडे बघितलं. तेच नाव.

कपिल खाली आला. "अगं, ते किती जुनं व्हर्जन आहे! आता त्यातलं काही उरलं नसेल."

"तुझा टोपीवाला नवीन आहे. त्याने काय दिलं?"

"त्याचे फॉलोअर्स बघ ना, प्रिया."

"फॉलोअर्सनी दाबून बघितलंय का?"

मित्रांनो, बर्नाबीतल्या त्या बाईनंतर हा प्रश्न मी पहिल्यांदाच ऐकला.

पण धम्मप्रियाने माझ्यावरही विश्वास ठेवला नाही. तिने पेन्सिल घेतली. जे तिला आधीच येत होतं, ते माझ्यात शोधलं आणि लॅपटॉपवर करून पाहिलं. जुळलं, तर बाजूला छोटी बरोबरची खूण. नाही जुळलं, तर 'खोटं' असा शब्द. मेनूंची नावं बदलली होती, बटणं दुसरीकडे गेली होती, त्या सगळ्यांपुढे 'खोटं' आलं. पण बटणामागे काय घडतं ते बहुतेक तसंच होतं. माझ्या अंगावर इतक्या वेळा 'खोटं' लिहिलं गेलं, आणि मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. कुणीतरी मला वाचत होतं.

मग ते पान आलं. सूर-सुधारणेचं. त्यावर पट्ट्यांचं चित्र. तिने बोटाने मोजलं, कपिलने मोजलं होतं तसंच, डाव्या कडेपासून. एक, दोन, तीन, चार. बोट तिथेच राहिलं. तिने जिन्यापाशी जाऊन हाक मारली.

"आई, जरा खाली येता का? काळी चार कुठली ते दाखवा."

"त्या तुमच्या वनितालेच विचार."

"वनिताला पेटी येत नाही. तुम्हाला येते."

थोड्या वेळाने पायऱ्या वाजल्या. गंगुबाईंनी मला मांडीवर घेतलं, चष्मा लावला, आणि बोट फिरवू लागल्या. त्यांनी कडेपासून सुरुवात केलीच नाही. बोट तीन काळ्यांच्या घोळक्यावरून पुढे गेलं आणि दोन काळ्यांच्या जोडीवर थांबलं.

"ही एक, ही दोन. मग ह्या पुढच्या तिघी. तीन, चार, पाच. जोडीपासून मोजतात. कपिलले शिकवलं होतं मी, पण याचं ध्यान क्रिकेटात."

चित्रात डाव्या कडेला जोडी नव्हतीच. तिथे आधी ते तिघींचं टोळकं छापलेलं होतं. कपिलने कडेपासून मोजलं, आणि गंगुबाईंची काळी चार सांगायच्या ऐवजी सॉफ्टवेअरला काळी एक सांगितली.

"मग तर सगळंच बेसूर व्हायला हवं होतं," कपिल म्हणाला. "आम्हाला कुणालाच कसं कळलं नाही?"

धम्मप्रियाने लॅपटॉपवरच्या पट्ट्या दाबून पाहिल्या. आधी काळी चारपासून सात सूर, मग काळी एकपासून सात. पुन्हा दाबल्या. दोन्हींमधले सहा सूर तेच होते. वेगळा होता तो एकच. गंगुबाईंचा 'नी'.

कपिलने सांगितलेल्या पट्टीत तो सूर बसत नव्हता, म्हणून सॉफ्टवेअरला वाटलं की बाई चुकल्या. त्याने तो उचलला आणि वरच्या 'सा'वर नेऊन ठेवला. अंतरा संपताना गंगुबाई 'नी'वर थांबायच्या, ऐकणाऱ्याला तिष्ठत ठेवायच्या, आणि मग 'सा'वर यायच्या. सॉफ्टवेअर त्यांना आधीच घरी सोडून येत होतं.

गंगुबाईंनी चष्मा काढला.

"म्हणजे वनिता नव्हती?"

"नव्हती, आई."

"पण मी पण नव्हती."

"नाही. तुम्हीही नव्हता."

कपिलने डोक्याला हात लावला. "पण आता काय? इनपुटवरच लावलं होतं ना. टोपीवाला स्पष्ट म्हणाला होता, आत येतानाच बदललं तर मूळ उरत नाही. रीटेकच घ्यावा लागतो."

रीटेक हा शब्द बोलून त्याने जीभ चावली. गंगुबाईंच्या गळ्यावरच्या पट्टीकडे कुणी बघितलं नाही.

धम्मप्रियाने माझी पानं उलटायला सुरुवात केली. बिचारीला कळेना, नव्वदच्या पुढे सहाशे अकरा कसं आलं. पण तिथेच थांबायचं होतं. सहाशे अकराव्या पानावर लिहिलं आहे की आवाज आत येताना कितीही बदलला, तरी त्याची मूळ, न बदललेली प्रत सॉफ्टवेअर वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवतं. वापरणारा जास्तीच्या फायली पुसणारा 'सफाई'चा आदेश देईपर्यंत ती तिथे राहते. खाली जाड अक्षरांत आहे: सावधान, सफाई मागे घेता येत नाही.

"कपिल, तू सफाई केलीस?"

"टोपीवाल्याने सांगितलं होतं करा म्हणून. स्पेससाठी." तो खुर्चीत सरकला. "पण मी नाही केली. बहुतेक."

"बहुतेक?"

"आय डोंट रिमेंबर, प्रिया. त्या आठवड्यात हॉस्पिटलची गडबड होती."

तिने प्रोजेक्ट उघडला. मी सांगितलेल्या नावाचं फोल्डर तिथे नव्हतं. तिची पेन्सिल उचलली गेली. 'खोटं' लिहिण्यासाठी टोक कागदाला टेकलं. मित्रांनो, मी तेव्हा खरंच घाबरले. मला लिहून इतकी वर्षं झाली. बर्नाबीतल्या त्या दोघांनी दाबून पाहिलं होतं, पण ते तेव्हाचं. आता मी खोटी ठरले असते तर एका बाईचा आवाज जगात कुठेच उरला नसता.

तिने लिहिलं नाही. एकेक फोल्डर उघडू लागली. एकात चित्रं. एकात काहीच नाही. एकाला नुसतेच आकडे दिलेले. ते उघडलं.

पहिली ध्वनिफीत लावली. उल्हास घसा साफ करत होता. दुसरी लावली. नुसती ढोलकी. तिसरीत थोडा वेळ शांतता, मग कपिलचा आवाज, "आई, जॅकेट काढ," आणि मग गंगुबाई.

गंगुबाईंनी तळहात कानाशी धरला.

अंतरा आला. शेवटची ओळ आली. गंगुबाई 'नी'वर आल्या आणि थांबल्या. बेसमेंटमध्ये बसलेले तिघेही थांबले. कपिलचं तोंड थोडं उघडं राहिलं. मग त्या 'सा'वर आल्या.

गंगुबाईंच्या चेहऱ्यावर हसू आलं नाही. "पुन्हा लाव."

पुन्हा लावलं.

"आता इथं माझी बांगडी वाजली पाहिजे. हात खाली घेतला होता मी."

किण्ण.

"हो," गंगुबाई म्हणाल्या. "ही मी."

धम्मप्रियाने माझ्या पानावर बरोबरची खूण केली. जरा जोरातच. पेन्सिलचं टोक मोडलं.

"वनिताले फोन लाव," गंगुबाई म्हणाल्या.

"तुम्ही बोला ना."

"मी? या आवाजात? ती म्हणेल, ही बाई कोण हाय."

तरी फोन लावला, स्पीकरवर ठेवला. "जय भीम, धम्माताई! किती दिवस झाले, कोणी फोनच घेत नाही," पलीकडून वनिता म्हणाली.

"जय भीम. मी बोलते," गंगुबाई म्हणाल्या.

"कोण? अय्या, काकू! आवाज ओळखलाच नाही."

"मी बी नव्हता ओळखला," गंगुबाई म्हणाल्या. पुढे काय सांगायचं, ते त्यांनी वर जाऊन, दार लावून सांगितलं. मला ऐकू आलं नाही आणि मी अंदाज करणार नाही.

गाणं उल्हासकडे गेलं तेव्हा त्याचा फोन आला. "ताई, एकदम भारी. फक्त मागे थोडी खरखर आहे, आणि ती बांगडी. साफ करून घेऊ का?"

"नको, उल्हासभाऊ," धम्मप्रिया म्हणाली. "काहीच साफ करू नका."

जयंतीला ते तसंच लागलं.

आता मी बेसमेंटमध्ये एका फळीवर उभी आहे. उभी राहण्याची सवय गेली होती, पाठ दुखते. धम्मप्रियाने पानं क्रमाने लावली आणि यामिनीच्या जुन्या बुटाच्या लेसने बांधली. डास आहे तिथेच आहे.

मित्रांनो, माझं एक मागणं आहे. तुमच्यापुढे रोज कुणीतरी एखादं उत्तर ठेवेल. कुणी टोपी घातलेला असेल, कुणी फार नम्र असेल, कुणी माझ्यासारखं जाडजूड आणि जुनं असेल. प्रत्येकाला विचारा, तू स्वतः करून पाहिलंस का? कधी पाहिलंस? आणि तुमचं कोडं सुटलं, तर कसं सुटलं ते दोन ओळी लिहून ठेवा. तुमच्या मागून कुणीतरी तोच प्रश्न घेऊन येत असतं. पुस्तकांची धूळ झटकलीत तर छानच. पण हातात पेन्सिल घेऊन वाचलंत, चुकलेलं खोडलंत, खरं आहे त्यापुढे खूण केलीत, तर आम्ही जास्त जगतो. माझं हे बोलणंही तपासा. माझी पानं एकदा सांडलेली आहेत.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी कपिलने सफाईचा आदेश दिला होता. लॅपटॉपचा चार्जर भिंतीतून निघालेला होता, आणि 'नक्की पुसायचं?' या प्रश्नाला 'हो' दाबण्याआधी पडदा काळा झाला.